ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याचं चरित्र लिहायचं, तर आधी त्याचं सेवापुस्तक मांडा

मराठवाड्यात बसून ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्यावर लिहायला घेतलं की सगळ्यांना धास्ती वाटते ती समुद्राची. आपल्याकडं मोठं पाणी म्हणजे नाथसागर, त्यावर कुठली आलीय डोलकाठी. पण घोडं पेंड खातं ते समुद्रापाशी नव्हे, हुद्द्यांपाशी आणि तारखांपाशी. आणि या दोन गोष्टी जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला किंवा तहसीलच्या कारकुनाला शिकवाव्या लागत नाहीत. कोण कधी रुजू झाला, कोणाच्या वर कोण, बढती कोणत्या तारखेपासून धरायची, यावर सेवाज्येष्ठता यादीची भांडणं उभ्या हयातीत चालतात. इंग्लंडचं आरमार अशाच यादीवर चालत होतं.

म्हणून क्रम असा ठेवा : आधी तक्ता, मग कागद, शेवटी लेखन. बहुतेकजण उलट जातात. चार ठिकाणचा मजकूर एकत्र करतात आणि मग एकाच माणसाला एकाच वर्षी दोन जहाजांवर बसवतात.

खाली उदाहरणाला चार्ल्स वॉटसन घेतला आहे. १७५६ च्या फेब्रुवारीत तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेणारा ॲडमिरल तो हाच, त्यामुळं मराठी वाचकाला तो परका नाही.

नोकरी कोणाची, हे पहिल्या दिवशी ठरवा

मुंबईच्या समुद्रावर इंग्रजांची दोन आरमारं वावरत होती. एक राजाचं, म्हणजे रॉयल नेव्ही. दुसरं ईस्ट इंडिया कंपनीचं, म्हणजे बॉम्बे मरीन. २ एप्रिल १७५५ रोजी सुवर्णदुर्गावर 'प्रोटेक्टर' हे ४४ तोफांचं जहाज घेऊन आलेला कमोडोर विल्यम जेम्स कंपनीचा नोकर होता. पुढच्या वर्षी विजयदुर्गावर आलेला वॉटसन राजाचा. मराठी लिखाणात दोघांनाही सर्रास 'ब्रिटिश नौदल अधिकारी' म्हटलं जातं. तिथून पुढं सगळा शोध चुकतो, कारण जेम्सची नोंद ॲडमिरल्टीच्या, म्हणजे राजाचं आरमार चालवणाऱ्या खात्याच्या, दप्तरात हुडकणं म्हणजे औशाचा सातबारा भोकरच्या तलाठ्याकडं मागणं. कंपनीच्या माणसाचे कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आणि मुंबईच्या महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात शोधायचे. राजाच्या माणसाचे लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये.

आणखी एक फसवं नाव. बॉम्बे मरीनला १८३० मध्ये 'इंडियन नेव्ही' असं नाव मिळालं आणि १८६३ मध्ये ते आरमार मोडलं. १८४० च्या कागदात 'इंडियन नेव्ही' दिसली तर ती ही.

तक्ता

ए-थ्री आकाराचा कागद आडवा घ्या, किंवा एक्सेल उघडा. रकाने आठ : कागदात जशी आहे तशी तारीख, आजच्या पद्धतीची तारीख, हुद्दा, जहाज, तोफा, ठिकाण, नेमणूक कोणी केली, माहिती कुठून मिळाली. पहिला आणि शेवटचा रकाना आळसानं गाळला जातो आणि नंतर त्याच दोघांवाचून अडतं. प्रत्येक नव्या नेमणुकीला नवी ओळ. रिकामी वर्षंही ओळ टाकून रिकामी दाखवा.

वॉटसनच्या पहिल्या ओळी अशा पडतात. १७२८, 'रोमनी' जहाजावर स्वयंसेवक म्हणून दाखल. फेब्रुवारी १७३८, 'गार्लंड'चा कॅप्टन. दहा वर्षांत पोरगा कॅप्टन कसा झाला? 'नेमणूक कोणी केली' हा रकाना भरायला घेतला की उलगडा होतो : आईचा भाऊ सर चार्ल्स वेजर त्या वेळी ॲडमिरल्टीचा फर्स्ट लॉर्ड, म्हणजे त्या खात्याचा प्रमुख होता. मामाचा वशिला. यात लपवण्यासारखं त्या काळी कोणालाच काही वाटत नव्हतं, तेव्हा आपणही भुवया उंचावून लिहू नये. नोंद करावी आणि पुढं जावं. पुढं १७४७ मध्ये केप फिनिस्टरच्या दोन्ही लढायांत 'प्रिन्सेस लुइझा'चा कॅप्टन, १७४८ मध्ये रिअर ॲडमिरल, १७५४ मध्ये 'केंट'वर ॲडमिरलचा झेंडा चढवून हिंदुस्थानकडं रवाना.

रिकाम्या वर्षांचं काय करायचं? लढाई थांबली की जहाजं बंदरात बांधून ठेवायची आणि अधिकाऱ्यांना अर्ध्या पगारावर घरी पाठवायचं, ही तिथली रीत. इंग्रजांचा सर्वांत नावाजलेला ॲडमिरल नेल्सन, तोसुद्धा १७८७ च्या अखेरीपासून १७९३ च्या जानेवारीपर्यंत पाच वर्षं बापाच्या गावी बसून होता. ना आजार, ना बदनामी. तक्त्यातल्या पोकळीला कारण जोडायची खाज आवरा.

हुद्दे : इथं सगळ्यात जास्त चुका होतात

अठराव्या शतकात चढण अशी होती : मिडशिपमन, लेफ्टनंट, कमांडर, पोस्ट कॅप्टन, रिअर ॲडमिरल, व्हाइस ॲडमिरल, ॲडमिरल. लेफ्टनंट व्हायला सहा वर्षं समुद्रावर काढलेली, त्यातली किमान दोन मिडशिपमन किंवा मेट (मास्टरचा मदतनीस) म्हणून, वय वीस, आणि वर तोंडी परीक्षा. वयाच्या अटीवर फार विसंबू नका. नेल्सन एप्रिल १७७७ मध्ये परीक्षा पास झाला तेव्हा साडेअठराचा होता. दाखल्यावर 'वीसहून जास्त दिसतो' असं लिहिलंय, आणि परीक्षा घेणाऱ्यांत मुख्य होता त्याचाच मामा मॉरिस सकलिंग. सहा वर्षांच्या अटीतही गोम होती. पोरगं घरी असायचं आणि नाव जहाजाच्या हजेरीपटावर. थॉमस कॉक्रेनचं नाव त्याच्या काकानं असंच लहानपणापासून पटावर लावून ठेवलं होतं, प्रत्यक्ष जहाजावर तो १७९३ मध्ये चढला. पटपडताळणी पाहिलेल्या आपल्या लोकांना हे निराळं समजावून सांगायला नको. चरित्रकारानं मात्र एवढं करावं : हजेरीपटावरची पहिली तारीख ही 'समुद्रावर गेला' याची तारीख धरू नये, दुसरा पुरावा मागावा.

'कॅप्टन' हा शब्द तर नुसता सापळा. एखादं जहाज ज्याच्या ताब्यात तो त्या जहाजावर कॅप्टन म्हणवला जातो, हुद्दा कमांडरचा असला तरी. खरा कॅप्टन म्हणजे पोस्ट कॅप्टन. त्या नेमणुकीची तारीख हा तक्त्यातला सर्वांत महत्त्वाचा आकडा, कारण तिथून पुढची बढती केवळ ज्येष्ठतेनं. वरचे मरतील, निवृत्त होतील, तसतसा खालचा सरकणार. नेल्सन १७७९ मध्ये पोस्ट कॅप्टन झाला, झेंडा, म्हणजे रिअर ॲडमिरलपद, मिळाला १७९७ मध्ये, मधली अठरा वर्षं. यादीत वर आलेला पण कामाचा नसलेला म्हातारा कॅप्टन असेल तर त्याला रिअर ॲडमिरलचा हुद्दा द्यायचा आणि ताफा मात्र द्यायचा नाही, अशीही सोय होती. अशांना खलाशी 'पिवळे ॲडमिरल' म्हणायचे.

लष्करातला कॅप्टन निराळाच. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात १८१९ साली आपलं नाव कोरून गेलेला जॉन स्मिथ मद्रास घोडदळाचा कॅप्टन होता. आरमारात त्याच्या बरोबरीचा माणूस म्हणजे लेफ्टनंट. आरमारातला तीन वर्षं जुना पोस्ट कॅप्टन लष्करातल्या कर्नलच्या मापाचा. छावणीतल्या जुन्या थडग्यावर 'कॅप्टन' वाचलं की आपल्या भागात तो जवळपास नेहमी लष्करी असणार. रेजिमेंटचं नाव आहे का ते आधी बघा.

कमोडोर हा त्या काळी कायमचा हुद्दा नव्हता, तात्पुरती नेमणूक होती. काम संपलं की माणूस परत कॅप्टन. म्हणून 'कमोडोर पदावरून त्याची पदावनती झाली' असं वाक्य कुठं दिसलं तर खोडा. लेफ्टनंट कमांडर हा हुद्दा १९१४ च्या आधी नव्हता. ॲडमिरलांना १८६४ पर्यंत रंग असायचे : निळा सर्वांत खाली, मग पांढरा, वर तांबडा. 'व्हाइस ॲडमिरल ऑफ द व्हाइट' यातला पांढरा हा ज्येष्ठतेचा टप्पा, कातडीचा किंवा गणवेशाचा रंग नव्हे. अशी भाषांतरं खरोखर होतात.

तारीख : तीन गाठी

पहिली गाठ वर्षाची. इंग्लंडात १७५१ पर्यंत सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळं वॉटसनचं कॅप्टनपद आपण १७३८ चं म्हणतो, पण तो महिना फेब्रुवारीचा असल्यानं तेव्हाच्या कागदावर वर्ष १७३७ पडतं. जाणकार '१७३७/८' असं लिहितात. १ जानेवारी ते २४ मार्च यांमधली कोणतीही जुनी तारीख आली की पेन्सिलीनं गोल करा.

दुसरी गाठ अकरा दिवसांची. १७५२ मध्ये इंग्रजांनी कॅलेंडर बदललं. २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. पोर्तुगीज १५८२ पासूनच नव्या कॅलेंडरवर होते. त्यामुळं कान्होजींच्या काळातलं गोव्याचं पत्र आणि इंग्रज जहाजाची नोंद एकाच लढाईची असूनही अकरा दिवसांनी हुकते. पेशवे दप्तराच्या पत्रात चंद्र (मुसलमानी महिन्याची तारीख) आणि सुहूर सन असेल तर जंत्रीवरून बदलून घ्या आणि मूळ तारीख पहिल्या रकान्यात तशीच राहू द्या.

तिसरी गाठ बहुतेकांना ठाऊकच नसते. जहाजाचा दिवस मध्यरात्री बदलत नसे, दुपारी बारा वाजता बदलत असे, आणि तो आपल्या दिवसाच्या अर्धा दिवस पुढं धावायचा. म्हणजे जमिनीवर १२ तारखेची दुपार झाली की जहाजाच्या वहीत १३ तारीख लागली. ही रीत ॲडमिरल्टीनं १८०५ च्या ऑक्टोबरात बंद केली. विजयदुर्गावर तोफा सुरू झाल्या त्या १२ फेब्रुवारी १७५६ च्या दुपारी. जहाजी वहीच्या हिशोबानं ती वेळ १३ तारखेच्या रकान्यात पडते. किल्ला इंग्रजांच्या हाती गेला तो जमिनीच्या तारखेनंही १३ लाच. कागद नुसता वरवर चाळणारा मग छातीठोक लिहितो की सगळी लढाई एका दिवसात आटोपली. तेव्हा जहाजी वहीतली नोंद उचलताना पुढचं 'पी. एम.' आधी वाचा. दुपारनंतरची असेल तर एक दिवस वजा करा, सकाळची असेल तर तशीच ठेवा.

वयाचंही तसंच. वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या वॉटसनच्या स्मारकावर तो १६ ऑगस्ट १७५७ रोजी कलकत्त्यात 'वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षात' वारला असं आहे. म्हणजे त्रेचाळीस पूर्ण, चव्वेचाळिसावं चालू. वजाबाकी ४४ नं केली की जन्मसाल एकानं मागं जातं.

कागद कुठं, आणि कसे काढायचे

क्यूच्या आर्काइव्हजमध्ये ॲडमिरल्टीच्या कागदांना 'एडीएम' हा संकेत आहे. पुढचा आकडा मालिकेचा. एडीएम ३६ मध्ये जहाजांचे हजेरीपट, ५१ मध्ये कॅप्टनच्या वह्या, ५२ मध्ये मास्टरच्या वह्या, १०७ मध्ये लेफ्टनंटच्या परीक्षेचे दाखले, १९६ मध्ये अधिकाऱ्यांच्या सेवानोंदी. लेफ्टनंटांच्या वह्या मात्र ग्रीनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये आहेत. सूची घरबसल्या फुकट चाळता येते, प्रत मागवायला पैसे पडतात. म्हणून आधी तक्ता. 'केंट, १७५४ ते १७५७' एवढं नक्की असेल तर एक वही मागवून भागतं. 'वॉटसनबद्दल काहीही' मागणाऱ्याचा खिसा रिकामा होतो आणि हाती धुपाटणं येतं. १८५८ पूर्वीचं मृत्युपत्र हवं असेल तर पीआरओबी ११ ही मालिका बघा. बायकामुलांची नावं, घर, कर्ज, सगळं तिथं सापडतं.

फुकटात बरंच होतं. लंडन गॅझेट, म्हणजे तिथलं सरकारी राजपत्र, १६६५ पासून ऑनलाइन आहे, बढत्या आणि लढाईचे अहवाल त्यात येतात. नेव्ही लिस्ट, म्हणजे आरमारी अधिकाऱ्यांची सरकारी यादी, १८१४ पासूनची, त्याआधीची खासगी छपाईची स्टीलची यादी १७८२ पासूनची. ओबर्न यांचा १८४९ चा कोश १८४५ मध्ये हयात असलेल्या अधिकाऱ्यांपुरता आहे, त्यात वॉटसन शोधू नका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुजू झालेला अधिकारी असेल तर काम पुष्कळ सोपं. नेव्ही लिस्ट, गॅझेट आणि १९६ ची मालिका एवढ्यावर सांगाडा उभा राहतो.

जुन्या छापील पुस्तकांच्या स्कॅनमध्ये शब्द शोधताना एक खोड लक्षात ठेवा. अठराव्या शतकातला लांब 'एस' दिसायला 'एफ'सारखा असतो आणि यंत्र तो 'एफ' म्हणूनच वाचतं. वॉटसनचा 'वॉटफन' होतो, शिपचं 'फिप'. इंग्रजीत नाव टाकताना 'एस'च्या जागी 'एफ' घालून दुसऱ्यांदा शोधा. पहिल्या फेरीत कोरडं ठणठणीत निघालेलं पुस्तक दुसऱ्या फेरीत बोलायला लागतं.

नावाचा घोळ जहाजांतही आहे आणि माणसांतही. एक जहाज मोडलं की तेच नाव दुसऱ्याला, म्हणून जहाजापुढं बांधणीचं साल लिहा. वॉटसनच्या मृत्यूनंतर १७६० मध्ये ज्या सर चार्ल्स वॉटसनला बॅरोनेट केलं तो त्याचा मुलगा. आणि इंग्रजी कागदातला 'आंग्रिया' म्हणजे कान्होजी, सेखोजी, संभाजी, मानाजी, तुळाजी यांपैकी कोणीही असू शकतो. साल बघितल्याशिवाय नाव लावू नका. 'घेरिया' म्हणजे विजयदुर्ग, 'सेव्हर्नड्रूग' म्हणजे सुवर्णदुर्ग, 'बँकूट' म्हणजे बाणकोट.

भाषांतरात फसवणारे शब्द

'पेड ऑफ' म्हणजे कर्ज फेडलं असं नव्हे. खलाशांचा पगार चुकवून जहाज बंदरात मोकळं केलं. ॲडमिरलनं 'झेंडा उतरवला' म्हणजे दर वेळी शरण गेला असं नव्हे, बहुधा नेमणूक संपली. 'ब्रोक' म्हणजे हाडं मोडली नव्हेत, कोर्ट मार्शलनं नोकरीतून काढला. 'मास्टर' हा मालकही नव्हे आणि कॅप्टनही नव्हे, जहाजाची दिशा आणि वाट सांभाळणारा जाणकार. जहाज गमावलं की कॅप्टनवर कोर्ट मार्शल व्हायचंच, तो रिवाज होता. तेव्हा 'कोर्ट मार्शल झालं' एवढ्यावर डाग लावू नका, निकाल वाचा.

हुद्दे मराठीत ओढूनताणून बसवू नयेत. वॉटसनला 'इंग्रजांचा सरखेल' म्हणणं खटकतं, सरखेल ही आंग्र्यांची पदवी. तसंच इंग्रज कागद आंग्र्यांना सरसकट 'पायरेट' म्हणतात, ते 'चाचे' करून आपल्या तोंडी घालू नका. दस्तक देऊन समुद्रावर जकात घेणारी ती सत्ता होती. अवतरणात इंग्रजाचा शब्द राहू द्या, निवेदनात तुमचा.

पैसा

लुटीच्या वाटणीशिवाय आरमारी चरित्र अर्धवट राहतं. १८०८ पर्यंतचा नियम आठ हिश्शांचा. तीन हिस्से कॅप्टनचे, त्यांतला एक वरच्या ॲडमिरलला. एक हिस्सा लेफ्टनंट, मास्टर वगैरेंत, एक वॉरंट अधिकाऱ्यांत, एक त्यांच्या खालच्यांत, आणि उरलेले दोन सगळ्या खलाशांत मिळून. शेकडो माणसांना दोन हिस्से आणि एका कॅप्टनला दोन! विजयदुर्गावर सुमारे दहा लाख रुपये हाती लागले. मोहिमेआधी ठरलेल्या वाटणीत फौजेचा प्रमुख क्लाइव्ह याला दुय्यम ॲडमिरल पोकॉकपेक्षा कमी हिस्सा होता, त्यावरून फौजेत धुसफूस झाली. वॉटसननं स्वतःच्या हिश्शातून फरक भरून द्यायची तयारी दाखवली, क्लाइव्हनं ते घेतलं नाही. माणूस कसा होता हे सांगायला असा एक हिशोब विशेषणांच्या रांगेपेक्षा बरा.

साक्षीदार कोण, हे विचारा

वरचा प्रसंग आपल्यापर्यंत पोचला तो एडवर्ड आइव्ह्झमुळं. हा 'केंट'चा सर्जन, त्याचं प्रवासवर्णन १७७३ मध्ये छापलं. किल्ला पडल्यावर वॉटसन आंग्र्यांच्या घरच्या बायकामुलांना भेटायला गेला, त्यांचं रडणं पाहून त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं, हेही तोच सांगतो. खोटं म्हणायचं कारण नाही. पण सांगणारा वॉटसनचाच डॉक्टर आणि चाहता आहे, आणि ते अश्रू ज्या माणसांसाठी होते त्यांची बाजू त्याच्या पुस्तकात नाही. 'आइव्ह्झ सांगतो' हे दोन शब्द घालून प्रसंग द्या.

वादाचा प्रसंग दोन्ही बाजूंनी लिहायचा. १७५७ मध्ये, प्लासीच्या आधी, सिराजउद्दौल्याविरुद्धच्या कटात सामील असलेला व्यापारी अमीचंद याला फसवण्यासाठी क्लाइव्हनं दोन करार केले, पांढऱ्या कागदावरचा खरा आणि तांबड्यावरचा खोटा. वॉटसननं पांढऱ्यावर सही केली, तांबड्यावर करायला नकार दिला. मग त्याचं नाव दुसऱ्याच्या हातानं घातलं गेलं. पुढं पार्लमेंटच्या चौकशीत वॉटसननं त्याला आतून मान्यता दिली होती की नाही यावर साक्षी फुटल्या, आणि तोवर वॉटसनला जाऊन पंधरा वर्षं होऊन गेली होती. इथं 'खोटी सही' आणि 'वादग्रस्त संमती' या दोन निरनिराळ्या ओळी तक्त्यात घाला. एकीत दुसरी मिसळली की लेख एकतर वॉटसनला संत करतो, नाहीतर कटातला भिडू.

लिहिताना

तक्ता भरला की मजकुराची मापं आपोआप दिसतात. मराठी वाचकासाठी वॉटसनच्या नोकरीची पहिली सव्वीस वर्षं दोन परिच्छेदांत आटपा आणि १७५४ ते १७५७ ला उरलेली सगळी जागा द्या : विजयदुर्ग, २ जानेवारी १७५७ ला कलकत्ता, २३ मार्चला चंदननगर, जिथं 'केंट'ची फ्रेंच तोफांनी चाळण केली. जन्मानं सुरुवात करायचीच असं नाही. विजयदुर्गाच्या दुपारपासून सुरू करून मागं गेलात तरी चालेल, तारखा तक्त्यातल्याच असल्या म्हणजे झालं.

'एचएमएस' ही अक्षरं वॉटसनच्या जहाजांपुढं लावू नका, तो संक्षेप अठराव्या शतकाच्या शेवटी रूढ झाला. कंपनीच्या जहाजापुढं तर कधीच नाही.

लेख पुरा झाल्यावर तक्ता आणि मजकूर शेजारी ठेवून ओळीनं ताडा. हे काम स्वतः करू नये, आपल्या चुका आपल्याला दिसत नाहीत. आस्थापना शाखेत उमर गेलेला एखादा निवृत्त कारकून गाठा. त्याला नेल्सन ठाऊक नसला तरी चालेल. मधल्या बढतीचा आदेश नाही आणि माणूस वरच्या हुद्द्यावर बसलाय, हे त्याच्या पहिल्या नजरेत येतं.